कुटुंबासहित परदेशी सेवेला निघताय? तयारी कशी करायची, पायरी पायरीने

परदेशात सुवार्तेच्या सेवेसाठी जायचं ठरलं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी तारीख ठरते आणि मग बाकीचं सगळं त्या तारखेच्या मागे धावायला लागतं. माझं म्हणणं अगदी उलट आहे, तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात एसाव आपल्या भावाला, याकोबाला, म्हणतो चल बरोबर निघू, तेव्हा याकोब सांगतो की पोरं लहान आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या-गाई आहेत, एक दिवस जरी जोरात हाकलल्या तरी मरतील, तू पुढे हो, मी पोरांच्या चालीनं हळूहळू येतो. बायकापोरांसकट निघणाऱ्यानं हा भाग नवराबायकोनं एकत्र बसून वाचावाच. खाली जे काही लिहिलंय ते याच हिशोबानं आहे, म्हणजे घरात जो सगळ्यात मागे चालतोय त्याच्या चालीनं. साधारण दीड ते दोन वर्षं हाताशी धरा, आणि भाषा अवघड असेल किंवा दात्यांचा सगळा आधार नव्यानं उभा करायचा असेल तर त्याहून जास्त.

पायरी १: आधी दोघांचं एकमत, मग बाकीचं जग

पाचारण (देवाचं बोलावणं) नवऱ्याला झालं आणि बायको "तुमच्यासोबत येईन" एवढंच म्हणाली (किंवा उलटं), तर तिथे थांबा. इंग्लंडहून भारतात आलेले मिशनरी विल्यम केरी यांचं उदाहरण घ्या, हेच ते केरी ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. १७९३ मध्ये ते निघाले तेव्हा त्यांची बायको डोरोथी आधी जायला तयारच नव्हती, गरोदर होती, केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालेसुद्धा. मग जहाजाचा घोटाळा झाला, निघणं लांबलं, तेवढ्यात बाळ जन्माला आलं आणि सोबतच्या माणसानं खूप गळ घातल्यावर बहीण बरोबर येणार असेल तर येते असं म्हणून डोरोथी घाईघाईत निघाली. पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, त्यांचा लहानगा पीटर आजारानं गेला आणि त्यानंतर डोरोथीचं मन कधी सावरलंच नाही, १८०७ मध्ये ती गेली तोपर्यंत बरीच वर्षं तिची मानसिक अवस्था फार वाईट होती. केरींच्या कामाबद्दल मला खूप आदर आहे, पण त्या बाईनं जे भोगलं ते वाचून मन जड होतं, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) केरींची गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो हे मला अजिबात पटत नाही.

मग प्रत्यक्षात करायचं काय? दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, चार-पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढायची. मी का जातोय किंवा जातेय? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? तिथे माझं रोजचं काम काय असेल? काय झालं तर आपण परत यायचं? कुठली गोष्ट मी सोडू शकणार नाही? नंतर एकत्र बसून वाचायची. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, पण ती जुळेपर्यंत पुढची पायरी चढू नका, मग सहा महिने लागोत की वर्ष. "माझं रोजचं काम काय" हा प्रश्न विशेषतः बायकांसाठी लाख मोलाचा आहे, कारण नवऱ्याला मिशन संस्थेत पद असतं, ऑफिस असतं, टीम असते आणि बायको परक्या गावात चार भिंतींत मुलांना घेऊन एकटी पडते, तिच्या सेवेला नाव नसतं. तिचीही भूमिका कागदावर लिहून घ्या.

नात्यात आधीपासून ताण असेल, कर्ज असेल, कुणाला नैराश्याचा त्रास असेल, घरात दारूचा किंवा पॉर्नचा प्रश्न असेल तर तो इथेच, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत असताना सोडवायला घ्या. विमानात बसल्यानं यातलं काहीच मागे राहत नाही, उलट तिथे ते वाढतं कारण आधार देणारं कुणी जवळ नसतं.

पायरी २: पाठवणारी मंडळी आणि संस्था

प्रेषितांच्या कृत्यांत १३ व्या अध्यायात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) स्वतःहून उठून निघाले नाहीत, अंत्युखियाच्या मंडळीनं उपास-प्रार्थना करून, हात ठेवून त्यांना पाठवलं, आणि १४ व्या अध्यायाच्या शेवटी ते परत येऊन त्याच मंडळीला सगळा वृत्तांत सांगतात. म्हणजे पाठवणारी मंडळी ही फक्त पैसे देणारी नसते. तुमच्या पाळकांशी आणि वडीलजनांशी सुरुवातीलाच बोला, ते "थोडं थांबा" म्हणाले तर ते का म्हणतायत हे मनापासून ऐका. मंडळीत पाच-सात जणांचा एक छोटा गट करून घ्या जो तुमच्यासाठी नियमित प्रार्थना करेल, मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवेल, तुमच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे जाऊन येईल, आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर "सेवा कशी चाललीय" च्या आधी "तुम्ही कसे आहात" विचारेल.

संस्था निवडताना तुमची मुलाखत होते तशी तुम्हीही संस्थेची घ्या, यात उद्धटपणा काही नाही. तिथे आमचा थेट लीडर कोण, त्याच्याशी पटलं नाही तर कुणाकडे जायचं? मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का, तक्रार आली तर चौकशी कोण करतं, बाहेरचा माणूस असतो का? कुणी गंभीर आजारी पडलं तर बाहेर काढायचा खर्च कोण उचलतं? युद्ध किंवा दंगल पेटली तर निघायचा निर्णय कोण घेतं? सुट्टी किती, पेन्शनची सोय काय? आत्ता तिथे काम करणाऱ्या एका कुटुंबाशी आणि परत आलेल्या एका कुटुंबाशी बोलायची परवानगी मागा. चांगली संस्था लगेच नंबर देते. संस्था मानसशास्त्रीय चाचणी, पोलिसांचा दाखला, जुन्या मालकांची शिफारस वगैरे मागेल तर वाईट वाटून घेऊ नका, हे मुलांच्या आणि तुमच्याच भल्याचं आहे. जी संस्था काहीच विचारत नाही तिच्याबद्दल मात्र मला काळजी वाटेल.

जमत असेल तर कायमचं जायच्या आधी दोन-तीन आठवडे तिथे जाऊन या, आणि शक्यतो दोघंही जा. तिथे सभा-प्रवचनांपेक्षा बाजारात, दवाखान्यात, शाळेत, बसमध्ये वेळ घालवा.

पायरी ३: व्हिसा आणि ओळख

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि बदलत राहतात, त्यामुळे दूतावासाच्या अधिकृत माहितीवरच विसंबा, ओळखीच्या भावानं तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर नको. काही देशांत धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असतो. उदाहरणार्थ अमेरिकेचा आर-१ व्हिसा, त्याला आधीची किमान २ वर्षं त्याच संप्रदायाचं सभासद असावं लागतं, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० महिने मिळतो आणि एकूण ५ वर्षांपर्यंत राहता येतं, जोडीदार आणि मुलं आर-२ वर जातात आणि त्यावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही. ही शेवटची ओळ बघा, अशी एक ओळ सगळं घरचं बजेट आणि बायकोचं पुढचं आयुष्य बदलून टाकते, म्हणून व्हिसाची माहिती काढताना घरातल्या प्रत्येकाचं स्टेटस काय असेल हे वेगवेगळं विचारा.

पुष्कळ देश मिशनरी म्हणून व्हिसा देतच नाहीत. तिथे लोक शिक्षक, नर्स, इंजिनियर, व्यावसायिक म्हणून जातात. पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू बनवायचा धंदा करत होता, तेव्हा यात लपवाछपवी असायलाच हवी असं नाही. पण अट एकच, ते काम खरं हवं. व्हिसा शिक्षकाचा असेल तर शिकवा, आणि चांगलं शिकवा. नावापुरती कंपनी काढून तिच्या आड बसणं हे खोटं बोलणं आहे, आणि त्याची किंमत पुढे तिथल्या विश्वासी बंधुभगिनींना मोजावी लागते, तुम्ही तर विमान पकडून परत याल. त्याच कारणानं, संवेदनशील देशात जाणार असाल तर तिथल्या विश्वासूंचे फोटो, नावं, गावं, बाप्तिस्म्याचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर किंवा फेसबुकवर टाकायचे नाहीत हे तुमच्या प्रार्थना गटालाही निघण्याआधीच सांगून ठेवा.

पासपोर्ट बघा. पुष्कळ देशांना प्रवासाच्या तारखेपुढे किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते, आणि मुलांच्या पासपोर्टची मुदत बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा कमी असते, तेव्हा तिथे गेल्यावर सहा महिन्यांत नूतनीकरणाला धावायला नको. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, डिग्र्या यांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करून घ्या, १९६१ च्या हेग करारात असलेल्या देशांत ते चालतं, करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाचा शिक्का लागतो. सगळ्यांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत ना हे एका दुपारी सगळे कागद पसरून एकेक अक्षर ताडून बघा, बायकोचं आडनाव एकीकडे माहेरचं आणि एकीकडे सासरचं, मुलाच्या नावात एक अक्षर कमी, असल्या गोष्टीत महिने जातात.

पायरी ४: पैसे

पैशाबद्दल बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण फिलिप्पैकरांना पौल त्यांच्या मदतीबद्दल मोकळेपणानं लिहितो, तेव्हा तुम्हीही मोकळेपणानं बोला. दोन वेगळी बजेटं करा. एक फक्त सुरुवातीचं: तिकिटं, व्हिसा, लसी, घराचं डिपॉझिट, फर्निचर, भाषेची फी. दुसरं दर महिन्याचं: भाडं, शाळा, विमा, प्रवास, संस्थेची कपात, कर, पेन्शनचा हप्ता, आणि दोन-तीन वर्षांनी घरी येऊन जायच्या तिकिटांसाठी दरमहा बाजूला टाकायची रक्कम. वर साधारण दहा टक्के चलनाच्या चढउतारासाठी धरा, कारण मदत एका चलनात येते आणि खर्च दुसऱ्यात होतो. याशिवाय सगळ्या कुटुंबाला तडकाफडकी परत आणता येईल एवढी रक्कम एका खात्यात वेगळी, जिला कधीच हात लावायचा नाही.

पुष्कळ संस्था दात्यांकडून दरमहाचा आधार पूर्ण कबूल झाल्याशिवाय निघूच देत नाहीत, आणि हा नियम कडक वाटला तरी मी त्याच्या बाजूनं आहे, कारण "निघू, पुढचं देव बघेल" म्हणणाऱ्या घरात पहिल्या वर्षी मुलाच्या शाळेची फी थकते आणि त्याचा राग ते मूल देवावर काढतं. मदत मागताना सभेत सरसकट आवाहन करण्यापेक्षा एकेका घरी जाऊन बसा, काम समजावून सांगा, आकडा स्पष्ट सांगा, विचार करायला वेळ द्या आणि नाही म्हणाले तरी तेवढ्याच प्रेमानं निघा. छोट्या रकमा देणारी जास्त माणसं ही एका मोठ्या दात्यापेक्षा टिकाऊ असतात, आणि त्या प्रत्येक माणसाची प्रार्थना मिळते. कराचंही बघा: बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की तिथले करदाते धरतात, दोन देशांत दुहेरी कर टाळायचा करार आहे का हे एखाद्या जाणकार सीएला निघण्याआधी विचारा.

पायरी ५: मुलं

मुलांना सांगायचं कधी? ठरलं की लगेच, आणि तुमच्याच तोंडून. मंडळीत कुणाकडून तरी कळलं तर मूल ते कधी विसरत नाही. लहानाला काय होणार हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, नकाशा दाखवून, तिथल्या घराचे, शाळेचे फोटो दाखवून. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलाला मात्र फक्त सांगून भागत नाही, त्याला विचारावं लागतं. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असलेलं मूल ठाम नाही म्हणत असेल तर एक-दोन वर्षं थांबण्यात सेवेचं काही बुडत नाही.

मुलं वरवर काही बोलत नाहीत, छोट्या गोष्टींत दाखवतात. सातेक वर्षांची मुलगी बॅग भरताना तिची खेळणी एका रांगेत लावते, मग एक उचलते, आत ठेवते, परत काढते आणि विचारते, "हे मागे ठेवलं तर कोण सांभाळणार?" त्या वेळी "तिथे नवीन घेऊ" हे उत्तर देऊ नका. तिला विचारा कुणाकडे ठेवायचं, ज्याचं नाव ती घेईल त्याच्याकडे तिच्याच हातानं नेऊन द्या, फोटो काढा. प्रत्येक मुलाला एक बॅग अशी द्या की तिच्यात काय जाणार हे फक्त तेच ठरवेल, वजन सोडून त्यात तुमचा शब्द नाही.

समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात परदेशी राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हटलं, म्हणजे जी आईबापाच्या संस्कृतीतलीही पूर्ण नसतात आणि राहतात तिथलीही नसतात. अशी मुलं पुढे खूप समंजस, अनेक भाषा बोलणारी होतात हे खरं, पण "तू कुठली" या साध्या प्रश्नाला अडखळतात आणि सारखी माणसं सुटत गेल्याचं दुःख आत साठत जातं. ते दुःख बोलायला घरात जागा ठेवा. "देवासाठी आपण हे केलंय ना" असं म्हणून मुलाचं रडणं बंद करायचं नाही.

शाळेचे पर्याय साधारण चार: तिथली शाळा, इंटरनॅशनल शाळा, घरीच शिकवणं, किंवा बोर्डिंग. घरी शिकवायचा विचार असेल तर तिथल्या कायद्यात बसतं का ते आधी बघा, जर्मनीसारख्या देशात ते चालत नाही. पुढे कॉलेजला कुठे जाणार त्याचा उलटा हिशोब करून बोर्ड निवडा. बोर्डिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, लहान मुलाला पाठवू नये, आणि मोठ्याला त्याची स्वतःची इच्छा असेल तरच पाठवावं. घरात मात्र तुमची भाषा सोडू नका, रोजची कौटुंबिक प्रार्थना तुमच्याच भाषेत होऊ द्या, म्हणजे आजी-आजोबांशी बोलायला शब्द उरतील.

पायरी ६: तब्येत

निघायच्या किमान सहा महिने आधी प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरकडे सगळ्यांनी जा, कारण लसींची वेळापत्रकं लांब असतात, हेपटायटीस बी चा नेहमीचा कोर्सच सहा महिन्यांचा आहे. पिवळ्या तापाची लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते आणि त्याचं सर्टिफिकेट २०१६ पासून आयुष्यभर चालतं, ९ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. टायफॉइड, हेपटायटीस ए, आणि कुत्री-माकडं असलेल्या दूरच्या भागात राहणार असाल तर रेबीजची आधीची लस यांबद्दल विचारा. मलेरियाच्या भागात जाताना कुठली गोळी, कधीपासून, मुलाच्या वजनाला किती हे डॉक्टरनंच ठरवावं, आणि औषध लावलेली मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लागते, सामानात ती वर ठेवा. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मलेरिया फार धोक्याचा असतो, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं.

दात, डोळे, आधीची दुखणी, सगळं इथेच उरकून घ्या. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव असू द्या, आणि ती औषधं त्या देशात कायदेशीर आहेत ना ते बघा, काही वेदनाशामक आणि मनाच्या आजाराची औषधं काही देशांत चालत नाहीत. विमा घेताना आणीबाणीत विमानानं दुसरीकडे हलवायचा खर्च त्यात धरलाय का हे वाचा, एजंट सांगतो त्यावर जाऊ नका.

पायरी ७: भाषा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास वर्गाचे धरते आणि अरबी किंवा चिनीला २२००. म्हणजे भाषा हे फावल्या वेळेचं काम नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष भाषा हेच मुख्य काम आहे असं संस्थेकडून आणि मंडळीकडून मान्य करून घ्या, नाहीतर तिसऱ्याच महिन्यात "किती आत्मे जिंकले" असा प्रश्न येतो. आणि भाषेचा वर्ग दोघांनाही मिळाला पाहिजे, मुलं सांभाळायची पाळी लावा, त्यासाठी बजेटमध्ये पैसे ठेवा.

पायरी ८: मागे राहणारी माणसं आणि कागद

मृत्युपत्र करा आणि दोघांनाही काही झालं तर मुलं कुणाकडे जातील हे त्यात लिहा, त्या माणसांना आधी विचारून. विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. सगळ्या कागदांच्या स्कॅन कॉपी एका सुरक्षित ठिकाणी, एक सेट तुमच्याजवळ, एक मागे.

आईवडिलांचं काय हा प्रश्न कागदाचा नाही. भावंडांबरोबर बसून स्पष्ट बोला, कोण दवाखान्यात नेणार, खर्च कसा वाटायचा, आणि आजारपणात तुम्ही किती वेळात येऊ शकाल. सगळा भार एका बहिणीवर टाकून "आम्ही देवाच्या कामाला चाललोय" म्हणणं बरोबर नाही, येशूनं वधस्तंभावरूनही आईची सोय लावली. आईवडील विश्वासात नसतील तर त्यांचा रागही समजून घ्या, त्यांच्या नातवंडांना तुम्ही नेताय.

पायरी ९: निरोप

मिशनरी मुलांबरोबर आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधीच्या चार गोष्टी सांगितल्या, त्या फार उपयोगी आहेत: ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी समेट, ज्यांनी आपल्यासाठी केलं त्यांचे आभार, माणसांचा आणि जागांचाही नीट निरोप, आणि मग पुढच्या जागेचा विचार. पहिली सगळ्यात अवघड आणि तीच टाळली जाते, कारण आता जातोच आहोत असं वाटतं. शेवटचे दोन आठवडे कार्यक्रमांनी भरू नका, रात्री मुलांना झोपायला मिळालं पाहिजे. सामानाबद्दल एवढंच, कमी न्या.

पायरी १०: पोचल्यावरचे पहिले महिने

पहिला आठवडा सेवा नाही. झोप, घर, पाणी, सिम कार्ड, जवळचा दवाखाना, दूतावासात नोंदणी. पहिले काही आठवडे सगळं छान वाटतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास चिडचिड, रडू, सगळ्या लोकांचा राग, घरची अनावर आठवण येते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये कल्चर शॉकच्या या अवस्था लिहून ठेवल्यात, तेव्हा तो तुमच्या विश्वासाचा दुबळेपणा समजू नका. त्या काळात परत जायचा निर्णय घेऊ नका, पण गप्पही बसू नका, प्रार्थना गटाला खरं ते सांगा. झोप महिनाभर उडाली, मूल बोलेनासं झालं, जगावंसं वाटत नाही असे विचार आले तर लगेच समुपदेशक किंवा डॉक्टर, संस्थेनं सोय केली नसेल तर ऑनलाइन.

निघण्याआधीच पाठवणाऱ्या मंडळीबरोबर सहा महिन्यांची आणि वर्षाची अशा दोन तारखा कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी घरातला प्रत्येक जण, मुलंसुद्धा, कसं चाललंय ते स्वतः सांगेल, आणि पायरी १ मध्ये "काय झालं तर परत यायचं" याची जी उत्तरं लिहिली होती ती समोर ठेवून बोलाल. परत यावं लागलं तर मंडळीनं त्या कुटुंबाला घर, शाळा आणि काही महिन्यांचा खर्च यात साथ द्यायची हेही त्याच वेळी लिहून घ्या. पौलाचा सोबती योहान मार्क सेवेच्या प्रवासात पिर्गाहून अर्ध्यातून परत आला होता, आणि त्याच मार्कला पौलानं शेवटच्या दिवसांत सेवेसाठी उपयोगी म्हणून बोलावून घेतलं.